काळ्या पट्ट्यांचं मॅन्युअल

"हे काळं कुणी फासलंन ते आधी सांगा, मगच शिफ्ट आत जाईल. तोवर एक माणूस गेट ओलांडायचा नाही."

युनियनचा पुढारी वॉचमनच्या स्टुलावर उभा राहून ओरडत होता. खरं तर त्याला स्टुलाची गरज नव्हती. तो जमिनीवरून बोलला तरी आवाज घाट चढून परशुरामाच्या देवळात जायचा आणि तिथला पुजारी आरती अर्धवट टाकून बाहेर डोकावायचा, असं आमच्या लोटे गावात सगळे सांगत, मीही सांगतो. खेडहून आलेली कंपनीची बस रिकामी होऊन उभी होती, सकाळच्या शिफ्टची सगळी माणसं पुढाऱ्याभोवती जमली होती आणि प्रत्येकाच्या हातात मी लिहिलेली पुस्तिका होती. कारखान्यातला नवा कॉम्प्युटर कसा वापरावा, याचं मॅन्युअल. पानं नेटकी, ओळी सरळ, आणि मध्येमध्ये डांबर ओतल्यासारख्या जाड काळ्या पट्ट्या.

"हे ऐका," पुढाऱ्यानं पुस्तिका उघडली. "'मशीन चालू असताना', पुढे काळं. 'वीज गेल्यास', पुढे काळं. 'कोणत्याही परिस्थितीत', आणि पुढे दोन ओळी काळ्या. कोणत्याही परिस्थितीत काय करायचं आम्ही? मरायचं?"

"कंपनी कायतरी लपवत्ये," मागून कोणीतरी म्हणालं.

मी गेटच्या आत उभा होतो आणि कारखान्याचे मॅनेजरसाहेब माझ्या मागे. मागे म्हणजे आडोशाला. साहेबांचा देह असा, की ते अंगणात उभे राहिले तर पलीकडच्या शेडमध्ये दिवा लावावा लागे. आणि मी अंगानं शेवग्याची शेंग. तरी त्या सकाळी ते माझ्यामागे पुरते मावले.

"तुम्ही बोला," ते माझ्या मानेत पुटपुटले. "मॅन्युअल तुमचं."

"लिहिलं मी. छापलं तुम्ही, साहेब."

"छापलं म्हणजे काय, नुसतं हँडल फिरवलं."

आणि इकडे मुंबईहून हेड ऑफिसचे मोठे साहेब निघाले होते. त्यांची गाडी महाडला चहाला थांबल्याचा फोन येऊन गेला होता. मध्ये उरला होता तो फक्त कशेडी घाट.

हा घाट माझ्या पोटात का उतरला होता, ते सांगायला हवं. लग्न झाल्यावर मी मुंबईला आणि बायको खेडला, अशी आमची वाटणी झाली होती. ती खेडच्या शाळेत शिक्षिका. मुंबईत मी ज्या खोलीत राहायचो तिथे गाववाले इतके होते, की झोपेत कूस बदलायची तर आधी ठराव मांडून मंजूर करून घ्यावा लागे. मग लोट्याच्या या रसायनांच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, त्याला माणूस हवा होता, आणि मी धावत सुटलो तो खेडलाच थांबलो. घरी राहून नोकरी! आमच्याकडे धडधाकट पुरुष गणपती-शिमगा सोडून घरात दिसला की शेजारी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करतात. माझी तर वर्षभर करत होते. एका आजीनं अंगारासुद्धा आणून दिला.

पण तो कॉम्प्युटर कोणी वापरेना. काम सोपं होतं. प्रत्येक शिफ्टच्या माणसांनी आपापल्या टाकीचं तापमान आणि दाब मशीनमध्ये भरायचा, की मशीन ते मागच्या मालाच्या आकड्यांशी ताडून बघणार आणि अहवाल छापणार. हा प्रोग्राम मी रक्त आटवून लिहिला होता; आटवून म्हणजे मी तेव्हापासून जो पांढरा पडलो तो आजतागायत. पण मशीन ठेवलं होतं काचेच्या थंडगार केबिनमध्ये. आत जाताना चपला काढायच्या. त्यामुळे निम्मे लोक बाहेरूनच नमस्कार करून जात, आणि आकडे पूर्वीसारखे पेन्सिलीनं पाटीवर लिहून पाटी माझ्याकडे पाठवत. हेड ऑफिसनं कळवलं, की मोठे साहेब येऊन बघतील. माणसं स्वतःच्या हातानं मशीन वापरताना दिसली तर मशीन लोट्याला राहील. नाही तर गुजरातेतल्या कारखान्याला जाईल. मशीन गेलं की मी मुंबईला, त्या खोलीत, ठराव मांडायला.

मशीन परत पाठवावं लागलं तर हाताशी असावीत म्हणून साहेबांनी त्याची खोकी थर्माकोलसकट स्टोअरमध्ये जपून ठेवली होती. मी तिथून गेलो की ते थर्माकोल कुरकुरायचं. आणि घरी बायको रोज सकाळी चुलीपाशी उभी राहून विचारायची, "डबा भरू की बॅग?" हसायची नाही. मलाही ते हसण्यासारखं वाटत नव्हतं.

माणसं मशीनला भितात ती पुस्तक नाही म्हणून, असं साहेबांनी ठरवलं आणि मला मॅन्युअल लिहायला बसवलं. तेही तीन तऱ्हांनी. एक साहेबांच्या फाइलीत ठेवायला, चांगल्या कागदावर. दुसरं पडद्यावर, म्हणजे माणूस आकडे भरताना अडला की एक बटन दाबून तिथल्या तिथे वाचेल. तिसरं सायक्लोस्टाइलवर, सगळ्या शिफ्टला वाटायला. मी ते तीन वेळा लिहिलं. मग साहेबांनी एक वाक्य बदललं, ते मी तीन ठिकाणी बदललं. मग त्यांनी ते वाक्य परत पहिल्यासारखं केलं. ते मी दोन ठिकाणी केलं आणि तिसऱ्या ठिकाणी विसरलो. शेवटी तिन्ही मॅन्युअलं एकमेकांशी भांडायला लागली आणि मी केबिनमध्ये डोकं धरून बसलो.

त्या दिवशी घरी गेलो तर बायको शेव पाडत होती. सोऱ्यात पीठ भरलं, बारीक भोकांची चकती लावली, बारीक शेव पडली. चकती काढली, मोठ्या भोकांची लावली, जाड शेव. लांब फटीची लावली, पापडी. पीठ तेच.

मी ओरडलो, "अगं, हेच!"

"हात धुवा आधी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पीठ आणि चकत्या वेगळ्या केल्या. पीठ म्हणजे मजकुराची एकच फाइल. तिच्यात ओळीच्या आधी नुसती खूण घालायची: हा मथळा, ही पायरी, ही सूचना. मथळा कसा दिसावा, सूचना कशी दिसावी, याबद्दल तिथे एक अक्षर लिहायचं नाही. ते ठरवणार चकती, म्हणजे फॉरमॅटर नावाचा एक लहानसा प्रोग्राम. मुख्य प्रोग्राम सोऱ्यासारखा, त्याच्या तोंडाला हवा तो फॉरमॅटर लावायचा. कागदाची चकती लावली की सूचना ठळक आणि खाली रेघ. पडद्याची लावली की तीच सूचना उजळ अक्षरांत, पडद्याच्या रुंदीत मोडून. आणि स्टेन्सिलची लावली की साधी अक्षरं, दोन्ही बाजूंना चांदण्यांच्या खुणा. वाक्य बदलायचं तर पिठात एकदा बदला. मी बायकोला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "चकलीचं पीठ घालून शेव पाडाल, तेव्हा कळेल."

आता त्या चांदण्यांचं कारण. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा पातळ कागद. आम्ही लोट्यात प्रिंटरची शाईची रिबन काढून ठेवायचो आणि त्यात स्टेन्सिल घालायचो. प्रिंटरच्या सुया कोरड्याच मेणावर बसत आणि अक्षरांची भोकं पडत. मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या ड्रमवर चढवायचा, हँडल फिरवायचं, भोकांतून शाई उतरते. प्रिंटरच्या कंपनीनं तिच्या पुस्तकात याला सक्त मनाई केली असणार, पण ते पुस्तक आम्ही वाचलं नव्हतं. मेण एकदा टोचलेलं सहन करतं. दोनदा नाही. म्हणून ठळक नाही, रेघ नाही, चांदण्या.

साहेबांनी नमुना बघितला.

"ह्या चांदण्या कसल्या? सूचना आहे की हळदीकुंकवाचं आमंत्रण?"

"साहेब, लक्ष जावं म्हणून."

"लक्ष जायला रेघ लागते."

साहेब लाल पेन्सिलीचे. ज्या वाक्याखाली रेघ नाही ते वाक्य त्यांच्या मते अजून बोललेलंच नाही. कोणी लग्नाची पत्रिका दिली तर मुहूर्ताखाली दोन रेघा ओढल्याशिवाय त्यांना लग्न पटत नसे. माझ्या सूचनांतही जो भाग महत्त्वाचा, तेवढ्याखाली त्यांनी पेन्सिल फिरवली होती.

"ठळक करा," ते म्हणाले, "आणि खाली रेघ. दुहेरी."

"मेण फाटेल, साहेब."

"मेण कुणाचं? कंपनीचंच ना?"

स्टोअरमधलं थर्माकोल मला तिथपर्यंत ऐकू आलं. बॅग डोळ्यांसमोर असली की माणूस हो म्हणतो. मी पिठात सूचनेची खूण पेन्सिल फिरवलेल्या भागापुरतीच ठेवली, स्टेन्सिलची चकती काढली आणि कागदाची चकती लावली. प्रिंटरनं ठळक म्हणून तेच अक्षर त्याच जागी दोनदा टोचलं आणि खाली रेघा मारल्या. मेणाची सबंध पट्टीच सुटली. हे एरवी स्टेन्सिल उजेडात धरताच दिसलं असतं. पण सायक्लोस्टाइल जिच्या ताब्यात, त्या टायपिस्ट बाई भाचीच्या लग्नाला गुहागरला गेल्या होत्या आणि साहेबांनी बाह्या सरसावून हँडल स्वतः धरलं होतं. मी केबिनमध्ये पुढची पानं टोचत होतो. साहेबांनी तपासलं ते पहिलं पान. पहिल्या पानावर सूचना नव्हतीच, नुसतं नाव. ते चंद्रासारखं उतरलं. मग ते इतके खूश झाले, की उरलेल्या पानांकडे न बघता त्यांनी सगळं टाचायला पाठवलं आणि शिफ्ट सुटताना बसमध्ये वाटून टाकलं. संध्याकाळपर्यंत माझं मॅन्युअल घरोघर पोचलं. आणि सकाळी परत आलं ते असं, स्टुलावर चढून.

"मी वाचून दाखवतो काळ्याखालचं," मी गेटमधून म्हणालो. आवाज माझा नव्हता, कोंबडीचा होता.

"तुम्ही कशाला? आम्हाला काय वाचता येत नाय?"

"मग आत चला. पडद्यावर सगळं आहे. तिथे काळं नाही."

पुढारी स्टुलावरून उतरला. सगळी शिफ्ट माझ्यामागे निघाली. ज्या केबिनमध्ये वर्षभर कोणी पाऊल टाकलं नव्हतं, तिच्या दाराशी चपलांची अशी रास पडली की ती ओलांडायला शिडी लागावी. आतल्या थंड हवेच्या यंत्रानं एवढी माणसं बघून एक सुस्कारा सोडला आणि ते बंद पडलं.

पुढारी सरळ माझ्या खुर्चीत बसला. मी त्याला बटन दाखवलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली: मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, तारेत असतं तसं. आमच्या मशीनला देवनागरी येत नव्हती, आणि मुंबईहून नि आखातातून तारा येणाऱ्या घरांना ही लिपी तोंडपाठ होती.

"'मशीन चालू असताना दिवा लाल असेल तर फ्लॉपी ओढू नये'," पुढाऱ्यानं वाचलं. जरा थांबला. "पुढचं."

"'वीज गेल्यास त्या शिफ्टचे आकडे पुन्हा भरावेत'," मागच्यानं वाचलं.

"पुढचं."

"'कोणत्याही परिस्थितीत आकडे भरल्याशिवाय मशीन बंद करू नये.'"

कारखाना फुटणार आहे, गॅस सुटणार आहे, निम्मी माणसं कमी करणार आहेत, असं रात्रभर घोकून आलेली ती माणसं. तोंडं अशी झाली, जणू बांगडा म्हणून घेतलेल्या पुड्यात काकडी निघाली.

"एवढंच?" पुढारी म्हणाला. "एवढ्यासाठी कोण काळं फासतं? खरं असंल ते काढा."

"खरं हेच आहे."

"पडद्यावर तुम्ही वेगळं घातलंत. कागदावर वेगळं होतं."

घड्याळाकडे बघायची माझी हिंमत नव्हती. गाडी घाट उतरली असणार. मी पीठ सांगितलं, सोऱ्या सांगितला, चकत्या सांगितल्या. हातवारे करून बारीक शेव पाडून दाखवली. पुढारी ऐकत राहिला आणि मग त्यानं बरोबर वर्मावर बोट ठेवलं.

"मग माझं एक वाक्य घाला तुमच्या पिठात. बघू काळं होतंय काय."

"सांगा."

"लिहा. 'कॅन्टीनचा चहा ताबडतोब दाट करावा.'"

मी ते फाइलीत घातलं आणि आधी सूचनेची खूण केली. पडद्याची चकती लावली: वाक्य उजळ अक्षरांत आलं, माणसं पुढे सरकली. कागदाची लावली: प्रिंटर असा किंचाळला की बाहेर कावळे उडाले, आणि वाक्य आलं ठळक, खाली रेघा. मग रिबन काढली. तेवढ्यात गर्दीतून टायपिस्ट बाई आल्या. त्या गुहागरहून तडक आल्या होत्या, हातात लग्नातल्या लाडवांचा डबा.

"मी चार घास लग्नाचे खायला गेले," त्या साहेबांकडे बघून म्हणाल्या, "तर माझ्या मशीनला डांबर पाजलंत?"

साहेब पाटीवरचे आकडे वाचू लागले.

बाईंनी स्टेन्सिल दिली. मी तीच कागदाची चकती ठेवून वाक्य टोचलं. बाईंनी ती खिडकीशी उजेडात धरली, आणि मेणाची पट्टी सुटून पुढाऱ्याच्या पायावर पडली. त्यांनी ती काचेपलीकडे जाऊन आपल्या ड्रमवर चढवली आणि हँडलला एक फेरा दिला. जिथे कॅन्टीनचा चहा होता, तिथे लांबलचक काळी पट्टी.

पुढारी कागद धरून बघत राहिला. "म्हणजे माझंच वाक्य काळं झालं."

"झालात तुम्ही पण कंपनीला सामील," बाई म्हणाल्या.

माणसं हसली. इतकी हसली की केबिनच्या काचा थरथरल्या, आणि त्या थरथरीत मला बाहेरच्या गाडीचा हॉर्न ऐकूच आला नाही. मी वळलो तेव्हा मोठे साहेब दारात उभे होते. चपलांची रास बघून त्यांनीही बूट काढले होते.

"हे लोक रोज इथे असतात?" त्यांनी विचारलं.

"आज जरा कमीच आहेत," आमचे साहेब म्हणाले. त्या एका वाक्यासाठी मी त्यांना आयुष्यभराच्या रेघा माफ केल्या.

"आकडे कोण भरून दाखवतं?"

माणसं एकमेकांच्या पाठीमागे सरकू लागली. एका सेकंदात मला माझी बॅग दिसली, तिची तुटकी कडी दिसली, मुंबईची ती खोली दिसली आणि माझ्या जागेवर झोपलेला माणूस कूस बदलायला माझी परवानगी मागताना दिसला.

खुर्चीत बसला होता पुढारी. साहेबलोक आले म्हणून खुर्ची सोडणं त्याच्या तत्त्वात नव्हतं. त्यानं पाटी ओढली आणि एका बोटानं, ढेकूण चिरडावा तसा, एकेक आकडा दाबत गेला. दोनदा चुकला, बटन दाबून मदतीचं पान काढलं, वाचलं, पुढे गेला. शेवटचा आकडा दाबला आणि मशीन गुरगुरत फ्लॉपीवर लिहू लागलं.

मोठे साहेब खूश होऊन वाकले. "ही फ्लॉपी मी मुंबईला दाखवायला नेतो," असं म्हणत त्यांनी हात घातला.

पुढाऱ्यानं त्यांचं मनगट धरलं. आमच्या साहेबांनी डोळे मिटले.

"दिवा लाल आहे," पुढारी म्हणाला. "ओढायची नाय."

"असं कुठे लिहिलंय?"

"काळ्यात."

आणि त्यानं दुसऱ्या हातानं पुस्तिका उघडून पट्टीवर बोट ठेवलं. मोठ्या साहेबांनी पानं उलटली. एक पट्टी, दुसरी पट्टी, तिसरी. माझ्या कपाळावरून घाम वाहत कीबोर्डवर पडला. मशीन बिघडलं नाही याचं मला आजही नवल वाटतं.

"महत्त्वाचं तेवढंच काळं केलंय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"हो," आमचे साहेब डोळे मिटूनच म्हणाले. "लक्ष जावं म्हणून."

"गेलं?"

"सगळ्यांचं, साहेब. रात्रभर."

लाल दिवा विझला. पुढाऱ्यानं मनगट सोडलं, स्वतः फ्लॉपी काढून मोठ्या साहेबांच्या हातात दिली, आणि कॅन्टीनमधून आलेला चहाचा कप खुशाल कीबोर्डवर ठेवला. चहा मशीनपासून लांब ठेवण्याची सूचना शेवटच्या पानावर होती. तिथपर्यंत आम्ही पोचलो नव्हतो. मी कप उचलून छातीशी धरून उभा राहिलो.

मोठ्या साहेबांनी आपला चहा घेतला, प्रिंटरशेजारी पडलेला कॅन्टीनच्या चहाचा ठळक कागद वाचला, पुन्हा एक घोट घेतला आणि मान डोलावली. जाताना ते स्टोअरपाशी थांबले. आत कॉम्प्युटरची खोकी होती. मी मागे उभा, हातात अजून तो कप.

"ही खोकी काढून टाका," ते आमच्या साहेबांना म्हणाले. "जागा अडत्ये."

संध्याकाळी मी बसमधून उतरून घरापर्यंत धावत गेलो. बायको ओटीवर बसून मुलांच्या वह्या तपासत होती. मी तिला उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यात पुढाऱ्यानं गेट उपटून हातात घेतलं होतं, मोठे साहेब चपलांच्या राशीत कमरेपर्यंत बुडाले होते आणि मी एका हातानं तीन चकत्या फिरवत होतो. खोक्यांशी येऊन मी थांबलो.

"मग?" मी म्हणालो. "काय म्हणतेस?"

तिनं वही मिटली, दुसरी उघडली.

"उद्या डब्याला दोडका आहे," ती म्हणाली.